जाड मोजे, बारीक बटनं

खाडीच्या पान्याची शप्पत, यातला शब्द न् शब्द खरा हाय! माजी नात रंजिता रबाळ्याच्या बायोटेक कंपनीत कॉम्प्युटरवाल्या पोरांची मॅनेजर. पोरांनी बनवलेलं नमुने नोंदवायचं ॲप तिथले लॅबवाले वापरेनात. सोमवारपर्यंत वापरलं नाय, तर टीम बंद. पोरं म्हनायची, "लॅबवालेच आळशी!"

रंजिता भांडली नाय. रविवारी दोन्ही पार्ट्यांना आमच्या घरी शिरवन्याला जेवायला बोलावलं, नि दारातच पोरांच्या हातात लॅबचे जाड रबरी मोजे चढवले. "आधी ॲपमध्ये नाव टाका, मग ताट."

पोरांतला कुंदन घामाघूम. "मॅडम, बटनं किती बारीक आहेत! मोज्यातून लागतच नाहीत."

लॅबची सरस्वती खो खो हसली. "मग वर्षभर आम्ही काय बोंबलत होतो?"

चिंबोऱ्यांचं, म्हंजे खेकड्यांचं, कालवन ओरपत सगळी एकत्र कामाला बसली. संध्याकाळपर्यंत बटन एवढं मोठं झालं, की आमच्या कोंबडीनं चोचीनं दाबून आपलं नाव नोंदवलं. सोमवारपासून ॲप सुरू!

आता शप्पत घेतलीय तर सांगते. कोंबडीचं खरं हाय, पन चिंबोऱ्या गोष्टीत मी घुसवल्या. दुधीची भाजी होती, तीपन खारट. तरी रंजिताला एकटी टाकून एक पोरगं उठलं नाय.