घरची काजळी

ट्युनिशियातल्या दुग्गाच्या रोमन अवशेषांत सासूबाई मागच्या पायवाटेनं बिनतिकीट शिरल्या, तान्ह्या लेकीला घेऊन मी मागोमाग. उत्खननासाठी सासरचं गाव इथून उठवलं, घरं पाडली. पण ज्या रोमन देवळाला त्यांचं घर टेकलेलं होतं, त्याच्या भिंतीतला कोनाडा त्यांनी बरोबर गाठला. त्यांच्या भाकरीच्या भट्टीची काजळी त्यात अजून होती. त्यांच्यात बाळाला पहिली तीट घरच्या काजळीचीच लावतात. “विकतचं काजळ चाललं असतं,” मी पुटपुटले. “ट्यूनिसला तुझ्या माहेरी चालत असेल. गॅसला कधी काजळी धरते का?” त्यांनी बोट पुढे केलं, तोच पहारेकरी धावला. “मावशी, हात नका लावू! रोमन दगड आहे!” “दगड रोमनांचा. काजळी माझी.” त्यांनी ऐटीत नातीच्या कानामागं तीट लावली. “बरं, तिकिटं तरी काढा.” “हिचं फाड. आम्ही आजी-नात घरच्या.” मी कोनाड्यात बोट फिरवलं, स्वतःच्या कानामागं तीट लावली. “आता माझंही तिकीट नको.”