ऐंशी ग्रॅम

घशातला कॅन्सर गेला, पण जाताना मंदाच्या नवऱ्याच्या तोंडाची चव घेऊन गेला. आठ महिने कारलं काय, श्रीखंड काय, त्याला सगळं सारखंच. त्यानं जेवणच सोडलं. “माही बिअर तेवढी कडू लागन मले,” म्हणायचा. दारूबंदीच्या वर्ध्यात चोरून बिअर करतो म्हणून भांडणारी मंदा आता खिडक्या लावून जवाचं गोडसर पाणी उकळत होती. त्याच्या वहीतलं माप: कडूपणासाठी हॉप्सची फुलं, तीस ग्रॅम. पन्नासनंही फरक पडला नव्हता. आज तिनं ऐंशी मोजली. तेवढ्यात पाणी उतू गेलं. घाईनं गॅस बंद करून तिनं वाटीभर निववून त्याच्या ओठांना लावलं. “आता तरी लागते का जी?” त्यानं तोंड वाकडं केलं. “बाप्पा, लयच कडू झाली वं!” रडत-हसत ती आकडा लिहायला धावली. वजनकाट्यावर ऐंशी ग्रॅम फुलं कोरडीच होती.