सत्काराचं ताट

देबाओने वजनं उचलून आपल्या चिमुकल्या नाउरू बेटाला पदक मिळवून दिलं, त्याला आता जमाना झाला. साखरेच्या आजाराने त्याचा डावा पाय गुडघ्यापासून नेला. उजव्याच्या अंगठ्याची जखमही भरत नव्हती. "आता गोड दिलंत तर हाही पाय जाईल," असं डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, एइबेराला, परवाच बजावलं होतं.

आज जुन्या खेळाडूंचा आणि त्यांच्यासाठी राबणाऱ्या स्वयंसेवकांचा सत्कार होता. घरटी एकेक ताट देबाओसाठी आलं होतं, आणि मानाचं ताट परत करायचं म्हणजे त्या घराशी कायमचं वाकडं घ्यायचं. तरी एइबेरा त्याच्या चाकाच्या खुर्चीला चिकटून उभी राहिली. नारळाच्या दुधातला गोड भात, केक, सरबताच्या बाटल्या, सगळं ती हसत हसत मागे सारत होती.

"काय गं मावशी, आमच्या चॅम्पियनला उपाशी मारतेस का?" मंडळाचा जेसाय ओरडला.

"मारत नाही रे बाबा, जगवतेय."

मंडप खो खो हसला.

मग जेसायने माईक हातात घेतला. "यंदाचा स्वयंसेवकाचा मान, आपल्या देबाओला फुलासारखं जपणाऱ्या मावशीला!"

एइबेराच्या डोक्यावर फुलांचा मुकुट चढला, हातात केकचा भलाथोरला तुकडा आला आणि अख्खा मंडप टाळ्या पिटत ओरडू लागला, "भरव! भरव!" तिने घाबरून देबाओकडे पाहिलं.

त्याने केव्हाच तोंड उघडलं होतं.