मामांचं पान

नायरांच्या तंकमनं माडावर चढून माडी काढणाऱ्याच्या पोराशी लग्न केलं, तेव्हा ‘त्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही,’ अशी शपथ तिच्या मामांनी घेतली होती. आज ओणमला ते अवचित दारात उभे राहिले आणि मुकाट्यानं केळीच्या पानावर जेवायला बसले. तंकमचा जीव त्या पानात अडकला. त्यांच्याकडची रीतच तशी: जेवून पान स्वतःकडे दुमडलं तर सोयरीक मान्य, पलीकडे दुमडलं तर कायमची तुटली. सांबार ओरपताना मामांना ठसका लागला. सासूबाईंनी धावत पाणी आणलं. “नको, शपथ आहे,” मामा खोकत म्हणाले. “ताक द्या.” दोन पेले त्यांनी गटागटा संपवले. सासूबाईंना राहवेना. “अहो, ताकात आमच्याच विहिरीचं पाणी आहे की!” तंकमनं डोळे गच्च मिटले. “ते तुमच्या दह्यानं प्यायलंय, मी नाही!” मामांनी सुनावलं. तिनं डोळे उघडले, तेव्हा मामा पान स्वतःकडे दुमडत होते.