भावजयीने बांधलेली छत्री

अधिकाऱ्याने कारखान्यातल्या फळीवरून एक पॅरॅशूट उचललं, त्यावरचा बांधणारीचा आकडा वाचला आणि भावजयीकडे बघितलं.

नियम सगळ्यांना ठाऊक होता. पॅरॅशूटची छत्री जिने घडी घालून बांधली, तिनेच कधीतरी ती पाठीला लावून विमानातून उडी मारायची. म्हणजे बांधताना हात आपोआप जपून चालतो. उडीचं शिक्षण छत्र्या बांधणाऱ्या प्रत्येकीला दिलेलं होतं. पण ही छत्री नव्या आकाराची होती. लढाऊ विमानांचा वेग वाढला तशा जुन्या छत्र्या उघडता उघडता फाटू लागल्या, म्हणून अधिकाऱ्याशेजारी उभ्या असलेल्या संशोधकाने ही काढली. आतापर्यंत तिला वाळूची पोतीच लोंबकळली होती. आज पहिलं माणूस. आणि भावजयीला तिसरा महिना होता. घरात हे माहीत होतं, इथे नव्हतं. इथे कळलं असतं तर काम सुटलं असतं.

"हिची मी नेते," शेजारीच छत्र्या बांधणारी तिची नणंद म्हणाली.

"नियम बांधणारीचा आहे," अधिकारी म्हणाला.

"हिला सकाळपासून चक्कर येतेय. विमानात ओकली तर विमान तुम्ही धुणार का?"

संशोधक हसला. "आम्हाला छत्री उघडते का ते बघायचंय. खाली कोण लोंबकळतंय याच्याशी छत्रीला काय देणंघेणं?"

अधिकाऱ्याने मान डोलावली. "पण ही दुसरीने बांधलेली आहे. उघडून बघायचा तुम्हाला हक्क आहे. हवं तर पुन्हा बांधा, विमान थांबेल."

बाकीच्या जणी हातातलं काम ठेवून बघू लागल्या. नणंदेचा स्वभाव त्यांना पाठ होता. भावजयीने लावलेली कडी ती पुन्हा ओढून बघे. भावजयीने मीठ घातलंय म्हटलं, तरी स्वतः चाखल्याशिवाय कुणाला वाढू देत नसे. वर म्हणायची, "मला शंका नाही, मला सवय आहे." चार वर्षांत भावजयीचं एकही काम तिच्या हाताखालून गेल्याशिवाय पुरं झालं नव्हतं.

नणंदेने छत्रीवरचा लाल दोरा बोटाला गुंडाळला. तो तुटला की सगळी घडी सुटणार होती.

"उघडा, ताई," भावजय हळूच म्हणाली. "मला राग नाही येणार. दोऱ्या मी सरळच घातल्यात, पण आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."

नणंदेला फार वाईट वाटलं. एवढ्या चांगल्या हाताला ही धाकधूक कुणी लावली, ते तिला कुणी सांगायला नको होतं.

तिने बोटावरचा दोरा न तोडता सोडवला, छत्री पाठीवर घेतली आणि भावजयीकडे पाठ केली.

"मागचा पट्टा आवळ," ती म्हणाली. "माझा हात पोचत नाही."