एकच पट्टा

शर्यतीच्या आदल्या दिवशी डेल्फीननं सायकलला रुंद, हलके टायर चढवले आणि वर त्यातली हवाही सोडायला लागली.

"हे टायर आहेत की फुगे?" तिचे वडील, नेस्टर, हसले. "अलास्काचा बर्फ आहे हा, पोरी. दणकट टायर लाव. बाकीचे काय खुळे आहेत?"

"उद्या बघा, बाबा."

पहाटे भुसभुशीत बर्फ पडला. दुपारी नेस्टरना राहवेना. स्नोमोबाइल काढून ते गोठलेल्या नदीवरच्या शर्यतीच्या वाटेनं निघाले. वळणावर बाकीचे सगळे रुतलेल्या सायकली ढकलत पायी चालले होते. त्यांच्या पुढं बर्फावर टायरचा एकच रुंद पट्टा गेला होता. त्याच्या शेजारी बुटाचा एकही ठसा नव्हता.

नेस्टरनी स्नोमोबाइल पट्ट्यापासून चांगली लांबून घेतली. मागून येणाऱ्या प्रत्येकाला तो नीट दिसायला हवा होता.