आतून वाजणारी कडी

अंगठ्यांनी कान बंद करून आतला नाद ऐकायचा, कॉलेज रोडवरच्या त्या ध्यानवर्गात एवढंच तर करायचं होतं. बाकीच्यांना घंटा, शंख, बासरी असं रीतसर काहीतरी ऐकू यायचं. ललितला मात्र दाराची कडी ऐकू यायची. कुणीतरी ती आतून वाजवत होतं, आणि तेही हक्काने.

"ताई, हा अन्याय आहे," तो वर्ग घेणाऱ्या तेजस्विनीताईंना म्हणाला. "कुसाबाईंना पहिल्याच दिवशी बासरी. त्या तर निम्मा वेळ घोरतात."

"घोरत नाय रे, तल्लीन होते," शेजारच्या कुसाबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"नाद नुसता ऐकायचा, ललित," ताई म्हणाल्या. "त्याला ओ द्यायची नाही."

ललितने फणफणत पुन्हा कान बंद केले. कडी आता जोरात वाजू लागली. शेवटी त्याचं डोकं फिरलं.

"आलो ना, जरा दम नाही का?" तो मनातल्या मनात खेकसला.

कडी थांबली.

हे ताईंना ऐकवायलाच हवं होतं, पण त्याचं तोंड उघडेना. मग ते आपलं आपण उघडलं. हातही शांतपणे मांडीवर आले.

"ताई, बासरी ऐकू आली," त्याचं तोंड गोड आवाजात म्हणालं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ललित संतापाने आतल्या अंधारात चाचपडू लागला. हाताला गार कडी लागली, तशी त्याने ती जिवाच्या आकांताने वाजवली.

"आणि ताई," बाहेर त्याचं तोंड हसून म्हणालं, "आता मी ओ देणार नाही."